घशाचा कर्करोग, विषाणू आणि पी१६: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. घशातून किंवा मानेतून काढलेला तुकडा आमच्याकडे येतो आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहून आम्ही रिपोर्ट लिहितो. त्या रिपोर्टमधली एक ओळ, ‘पी१६ पॉझिटिव्ह’ किंवा ‘पी१६ निगेटिव्ह’ (पी१६ हे पेशीतलं एक प्रथिन), घरच्यांना सगळ्यात जास्त बुचकळ्यात टाकते. कुणी ती वाचून सुटकेचा श्वास सोडतं, कुणी घाबरून जातं. दोन्ही वेळा त्या ओळीचा अर्थ पुरता पोचलेला नसतो. इथली उत्तरं त्यासाठी आहेत. उपचाराचा निर्णय मात्र तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच घ्या.

घशाचा कर्करोग म्हणजे नेमका कुठला?

इथूनच सुरुवात करावी लागते, कारण ‘घसा’ हा एकच शब्द आपण चार वेगळ्या जागांना वापरतो. नाकाच्या मागची वरची पोकळी म्हणजे नासाघसा. तोंड उघडल्यावर मागे दिसतो तो मधला घसा. त्यात टॉन्सिल, जिभेचं मूळ आणि मऊ टाळू येतात. त्याखाली स्वरयंत्र, आणि त्याच्या मागे अन्ननलिकेकडे जाणारा खालचा घसा.

या जागा एकमेकींपासून काही सेंटिमीटरवर असल्या, तरी तिथल्या कर्करोगांची कारणं आणि पुढची वाटचाल फार वेगळी असते. मधल्या घशात एचपीव्ही या विषाणूचा मोठा वाटा आहे. नासाघशात ईबीव्ही या दुसऱ्याच विषाणूचा. स्वरयंत्र आणि खालच्या घशात मुख्य दोषी तंबाखू आणि दारू, विषाणूचा वाटा थोडा. म्हणून कुणी ‘घशाचा कॅन्सर आणि पी१६ पॉझिटिव्ह’ असं सांगितलं, की मी आधी विचारते, घशात कुठे?

एचपीव्ही तर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा विषाणू ना? तो घशात कसा आला?

तोच विषाणू. हॅराल्ड झुर हाउझेन यांच्या गटाने १९८३ मध्ये गर्भाशयमुखाच्या कर्करोगात एचपीव्ही-१६ शोधला आणि त्या कामासाठी त्यांना २००८ चं नोबेल मिळालं. हा विषाणू त्वचेवर आणि ओल्या अस्तरावर राहतो, जवळच्या शारीरिक संपर्कातून, मुखमैथुनातूनही पसरतो. टॉन्सिलच्या कर्करोगाशी त्याचा संबंध मॉरा गिलिसन आणि सहकाऱ्यांनी २००० साली ठामपणे मांडला. एचपीव्हीचे शंभराहून जास्त प्रकार आहेत, पण घशातल्या एचपीव्हीच्या कर्करोगांपैकी दहातल्या सुमारे नऊंमध्ये हा सोळा क्रमांकाचाच सापडतो.

टॉन्सिलच का, याचं उत्तर तिच्या रचनेत आहे. टॉन्सिलचा काप काचपट्टीवर पाहिला, तर पृष्ठभागावरून आत खोल घड्या गेलेल्या दिसतात. या घड्यांच्या तळाशी अस्तर विरळ, जाळीदार असतं आणि खालच्या पांढऱ्या पेशी त्यात शिरलेल्या असतात. इतर ठिकाणी विषाणूला मूळ थरापर्यंत पोचायला जखम लागते, इथे वाट आयतीच मिळते. जिभेच्या मुळाशीही असंच अस्तर आहे. याच रचनेमुळे मूळ गाठ घडीत दडून बसते आणि बरेचदा मिलिमीटरांत मोजावी इतकी लहान असते. घसा दुखत नाही, आवाज बदलत नाही. दाढी करताना हाताला मानेत एक गोळा लागतो, आणि तेच पहिलं लक्षण ठरतं. चाळिशीनंतर मानेत नवा गोळा आला आणि दोन-तीन आठवड्यांत गेला नाही, तर अँटिबायोटिकच्या एकामागून एक फेऱ्या करत बसू नका, घसा तपासून घ्या.

पी१६ म्हणजे विषाणूची तपासणी का?

नाही. पी१६ हे आपल्याच पेशीतलं प्रथिन आहे. ते विषाणूचं अंग नाही, विषाणूने केलेल्या उलथापालथीची खूण आहे.

पेशीच्या विभाजनाला एक ब्रेक असतो, आरबी नावाचं प्रथिन. पी१६ म्हणजे त्या ब्रेकचं पॅडल दाबणारा पाय. एचपीव्हीचं ई७ हे प्रथिन आरबीला पकडतं आणि पेशीकडूनच त्याची विल्हेवाट लावून घेतं. ब्रेकच गेला, गाडी थांबेना, म्हणून पाय पॅडल आणखी आणखी दाबत राहतो. पेशीत पी१६ साठत जातं. विषाणूचं दुसरं प्रथिन, ई६, हे पी५३ या पहारेकऱ्याला संपवतं. बिघडलेल्या पेशीला थांबवणं किंवा मरायला लावणं हे पी५३ चं काम. दोघांनी मिळून पेशीचं दार उघडं टाकलेलं असतं.

तपासणी अशी होते: मेणात बसवलेल्या तुकड्याचा अगदी पातळ काप घ्यायचा आणि पी१६ ला चिकटणारं अँटिबॉडी लावून रंगवायचा. जिथे पी१६ आहे तिथे तपकिरी रंग येतो. पॉझिटिव्ह गाठीत तो केंद्रकात आणि बाहेरच्या भागात, दोन्हीकडे गडद भरलेला असतो. अख्खी पेशीबेटं तपकिरी दिसतात आणि त्यांच्यामध्ये निळसर पांढऱ्या पेशींची गर्दी. किमान ७० टक्के कर्कपेशींत असा मध्यम ते गडद रंग आला, तरच पॉझिटिव्ह लिहायचं. इथेतिथे फिकट ठिपके दिसले म्हणून लिहायचं नाही, कारण निरोगी टॉन्सिलच्या घड्यांतही थोडा तुटक रंग येतोच. साठ-पासष्ट टक्क्यांवर अडलेली काचपट्टी समोर आली की मी ती बाजूला ठेवते, सहकाऱ्याला दाखवते आणि दुसऱ्या दिवशी ताज्या डोळ्यांनी पुन्हा मोजते. त्या एका शब्दावर एखाद्याची स्टेज ठरणार असते.

पी१६ पॉझिटिव्ह असेल तर आजार बरा होण्याची शक्यता खरंच जास्त?

मधल्या घशाचा कर्करोग असेल तर हो, आणि फरक बराच मोठा आहे. के. किआन आंग आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये रेडिएशन आणि केमो घेतलेल्या रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात तीन वर्षांनी एचपीव्ही पॉझिटिव्ह गटातले ८२.४ टक्के हयात होते, निगेटिव्ह गटातले ५७.१ टक्के.

त्याच अभ्यासातली पुढची गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. विषाणू, धूम्रपान आणि गाठ किती पसरली आहे हे एकत्र पाहिल्यावर तीन गट पडले. कमी धोक्याच्या गटात तीन वर्षांनी ९३ टक्के हयात, मधल्या गटात सुमारे ७१ टक्के, जास्त धोक्याच्या गटात ४६ टक्के. धूम्रपानाची रेघ दहा ‘पॅक-वर्षां’वर होती, म्हणजे रोज एक पाकीट अशी दहा वर्षं किंवा रोज दोन पाकिटं अशी पाच वर्षं. विषाणू पॉझिटिव्ह, पण धूम्रपान त्याहून जास्त आणि मानेतल्या गाठी बऱ्याच वाढलेल्या, असा माणूस पहिल्या गटातून मधल्या गटात गेला.

असं का होतं? विषाणूचा कर्करोग सौम्य असतो का?

सौम्य हा शब्द मी वापरत नाही. तो कर्करोगच आहे, मानेत लवकर पसरतो आणि उपचार न केल्यास जीव घेतो. तो उपचारांना जास्त दाद देतो, एवढंच म्हणता येतं.

तंबाखूच्या कर्करोगात वर्षानुवर्षांच्या माऱ्याने जनुकांची मोडतोड झालेली असते. पी५३ चं जनुकच बिघडलेलं असतं, पी१६ चं जनुक अनेकदा हरवलेलं असतं. विषाणूच्या कर्करोगात पी५३ चं जनुक सहसा शाबूत असतं, फक्त त्याचं प्रथिन विषाणू नष्ट करत असतो. शिवाय ई६ आणि ई७ शरीराला परकी असल्यामुळे प्रतिकारशक्तीच्या पेशी गाठीत मोठ्या संख्येने शिरतात. वर सांगितलेली निळसर गर्दी तीच. हे रुग्ण सरासरीने वयाने लहान असतात आणि त्यांना इतर आजारही कमी असतात, त्याचाही हातभार लागतो.

आधी चौथी स्टेज सांगितली, दुसऱ्या डॉक्टरांनी पहिली म्हटलं. कोण चुकलं?

बहुधा कुणीच नाही. स्टेज ठरवण्याच्या पद्धतीची आठवी आवृत्ती २०१८ पासून वापरात आली आणि तिने पी१६ पॉझिटिव्ह मधल्या घशाच्या कर्करोगाला वेगळा तक्ता दिला. समजा टॉन्सिलमध्ये तीन सेंटिमीटरची गाठ आहे आणि मानेत त्याच बाजूला, सहा सेंटिमीटरच्या आतल्या, दोन-तीन गाठी आहेत. जुन्या तक्त्यात ही चौथी स्टेज. नव्या तक्त्यात, पी१६ पॉझिटिव्ह असेल तर, पहिली. चौथी स्टेज आता अशा रुग्णांत दूरच्या अवयवात पसरलेल्या आजारालाच म्हणतात.

मात्र आकडा उतरला म्हणून शरीरातला आजार लहान झाला नाही. नवी स्टेज पुढची वाटचाल जास्त बरोबर सांगते. उपचार किती द्यायचे हा निराळा प्रश्न.

मग स्टेज पहिली असेल तर उपचार कमी करता येतील का? केमोचा खूप त्रास होतोय.

हा प्रश्न मला सगळ्यात जवळचा वाटतो, कारण विचारणारा फार सोसत असतो. तोंड कोरडं पडलेलं, गिळताना डोळ्यांत पाणी, वजन उतरलेलं. माणूस बरा होऊन पुढे वीस-तीस वर्षं जगणार असेल, तर त्याला हे आयुष्यभर का सोसायला लावायचं? संशोधकांनीही हाच विचार केला.

सिस्प्लॅटिन या केमोऐवजी सेटुक्सिमॅब हे वेगळं औषध द्यायचं, त्रास कमी होईल आणि गुण तेवढाच येईल, अशी आशा होती. दोन मोठ्या चाचण्यांचे निकाल २०१८ च्या अखेरीस आले आणि दोन्हींनी ती आशा मोडली. एका चाचणीत पाच वर्षांनी सिस्प्लॅटिनच्या गटातले ८४.६ टक्के हयात होते, सेटुक्सिमॅबच्या गटातले ७७.९ टक्के. दुसरीत दोन वर्षांनी ९७.५ विरुद्ध ८९.४ टक्के. गंभीर त्रासही एकूणात कमी झाला नाही. पुढे रेडिएशन ७० ग्रेवरून (ग्रे हे रेडिएशनच्या डोसचं माप) ६० ग्रेवर आणण्याची चाचणी धूम्रपान न केलेल्या किंवा फार थोडं केलेल्या रुग्णांवर झाली. तिथेही नेहमीच्या उपचारांचा गट इतका चांगला निघाला की कमी डोसवाले गट त्याच्या बरोबरीला आले नाहीत.

यातून एक फरक नीट कळतो, आणि या पानावरचं एकच काही लक्षात ठेवणार असाल तर हे ठेवा. काही खुणा ‘पुढे काय होईल’ हे सांगतात, काही खुणा ‘कोणता उपाय लागू पडेल’ हे सांगतात. पी१६ पहिल्या प्रकारची खूण आहे. ती दिसलेल्या रुग्णांचे चांगले आकडे पूर्ण उपचार घेतलेल्यांचे आहेत. उपचार कापून तेच आकडे मिळतील, असं ती सांगत नाही. नीट आखलेल्या चाचणीत भाग घेऊन कमी उपचार घेणं ही वेगळी गोष्ट आहे, तिथे डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवलं जातं. चाचणीबाहेर, ‘रिपोर्ट चांगला आहे’ म्हणून पाचव्या आठवड्यात रेडिएशन सोडून देऊ नका. त्रास होत असेल तर तो सांगा, वेदनेची औषधं, नळीने अन्न, गिळण्याचे व्यायाम हे सगळं त्याचसाठी आहे.

पी१६ पॉझिटिव्ह, पण एचपीव्ही निगेटिव्ह असं येऊ शकतं?

येतं. विषाणूशिवाय दुसऱ्या कारणानेही आरबीचा ब्रेक तुटतो आणि पी१६ साठतं. उलटही घडतं. हिशम मेहान्ना आणि सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये ७,६५४ रुग्णांची माहिती एकत्र केली, त्यात ९.२ टक्क्यांमध्ये पी१६ आणि एचपीव्ही या दोन तपासण्यांची उत्तरं जुळली नाहीत. दोन्ही पॉझिटिव्ह असलेल्यांत पाच वर्षांनी ८१.१ टक्के हयात, दोन्ही निगेटिव्ह असलेल्यांत ४०.४ टक्के, आणि न जुळणारे मध्ये, ५३ ते ५५ टक्क्यांच्या आसपास.

जुळणी न झालेला माणूस फक्त पी१६ वर विसंबला, तर त्याला खऱ्याहून बरंच उजळ चित्र दिसतं. म्हणून उपचार कमी करण्याची भाषा निघाली असेल, किंवा पी१६ पॉझिटिव्ह असून धूम्रपान भरपूर असेल, तर विषाणूच्या डीएनए किंवा आरएनएची थेट तपासणी करता येईल का, हे अवश्य विचारा.

स्वरयंत्राच्या कर्करोगात पी१६ पॉझिटिव्ह आलं. चांगली बातमी ना?

तिथे या उत्तरावर भरवसा ठेवता येत नाही. स्वरयंत्रासाठी पी१६ वरून स्टेज बदलत नाही आणि उपचारही बदलत नाहीत.

नासाघशातल्या कर्करोगाचं काय?

इथला विषाणू ईबीव्ही. एपस्टाइन, अॅकाँग आणि बार यांनी तो १९६४ मध्ये पहिल्यांदा दाखवला. जगातल्या बहुतेक प्रौढांना तो कधी ना कधी होऊन गेलेला असतो, कर्करोग मात्र फार थोड्यांना होतो. दक्षिण चीन आणि आग्नेय आशियात हे प्रमाण जास्त आहे.

या कर्करोगाची एक गोष्ट विलक्षण आहे. गाठीतून सुटलेले ईबीव्हीच्या डीएनएचे तुकडे रक्तद्रवात मोजता येतात. हाँगकाँगमध्ये कुठलंही लक्षण नसलेल्या २०,१७४ पुरुषांचं रक्त याच पद्धतीने तपासलं गेलं. २०१७ मध्ये निकाल आला: ३४ जणांत कर्करोग सापडला, त्यातले ७१ टक्के पहिल्या-दुसऱ्या स्टेजचे. एरवी तिथे इतक्या लवकर सापडणाऱ्यांचं प्रमाण २० टक्के होतं.

उपचारांनंतर हे तुकडे रक्तातून नाहीसे झाले तर पुढची वाट बरी, राहिले तर आजार परतण्याची शक्यता जास्त. मग ज्यांच्यात राहिले त्यांना आणखी केमो दिली तर? तेही करून पाहिलं गेलं. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत त्या जादा केमोने आजार परतणं कमी झालं नाही. खूण खरी होती, तिच्यावर शोधलेला उपाय लागू पडला नाही. वर सांगितलेला फरक तो हाच.

एचपीव्हीसाठी अशी रक्ततपासणी आहे का?

आहे, आणि झपाट्याने पुढे येते आहे. भीष्मजित चेरा आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये ११५ रुग्णांचा अभ्यास मांडला. उपचारांनंतर ८७ जणांच्या रक्तात विषाणूचा डीएनए एकदाही सापडला नाही आणि त्यांच्यापैकी कुणाचाही आजार परतला नाही. १६ जणांत लागोपाठ दोनदा सापडला, त्यातल्या १५ जणांचा परतला.

पण एक तपासणी पॉझिटिव्ह आली म्हणजे आजार आलाच, असं नाही. पुन्हा रक्त तपासतात, स्कॅन करतात. आणि रक्त निगेटिव्ह आहे म्हणून कॅमेऱ्याने घसा पाहणं आणि मान चाचपणं बंद करायचं नाही. ही तपासणी त्यांच्या जोडीची आहे.

रिपोर्टमध्ये पीडी-एल१, सीपीएस २० असं लिहिलंय. हे काय?

ही दुसऱ्या प्रकारची, उपाय निवडायला मदत करणारी खूण. पीडी-एल१ हा कर्कपेशींनी आणि आसपासच्या पेशींनी वर केलेला एक बुरखा समजा, त्यामुळे प्रतिकारपेशी त्यांना सोडून देतात. पेम्ब्रोलिझुमॅबसारखी इम्युनोथेरपी तो बुरखा निकामी करते. सीपीएस हा बुरखा किती आहे याचा अंक. परतलेल्या किंवा दूर पसरलेल्या आजारात तो १ किंवा जास्त असेल तर हे औषध एकट्याने देण्याचा विचार होतो, २० किंवा जास्त असेल तर फायद्याची शक्यता आणखी बरी. तरीही मोठा अंक असून औषध लागू न पडलेले रुग्ण आम्ही पाहतो. पी१६ च्या मानाने ही खूण जास्त धूसर आहे.

पी१६ निगेटिव्ह आलं. म्हणजे आशा नाही?

असं मुळीच समजू नका. वरचेच आकडे पुन्हा पाहा: २०१० च्या अभ्यासात निगेटिव्ह गटातले निम्म्याहून जास्त लोक तीन वर्षांनी हयात होते. लवकर सापडलेला, शस्त्रक्रिया किंवा रेडिएशन वेळेत मिळालेला निगेटिव्ह कर्करोगही बरा होतो. पी५३ मधले काही बदल वाईट वाटचाल दाखवतात हे २००७ पासून माहीत आहे, पण रोजच्या उपचारात त्यावरून निर्णय होत नाहीत. त्याच्या मागे धावून खर्च करण्यापूर्वी डॉक्टरांना एकच विचारा, ‘याच्या उत्तराने माझे उपचार बदलतील का?’

आता सिगारेट सोडून काय उपयोग?

खूप. रेडिएशन चालू असताना धूम्रपान करत राहिलेल्या रुग्णांत मृत्यूचा धोका दुपटीच्या आसपास आढळला आहे, आणि तो पी१६ पॉझिटिव्ह रुग्णांनाही सुटला नाही. आज आपल्या हातात असलेली ही सर्वांत मोठी गोष्ट आहे.

नवऱ्याला एचपीव्हीचा कर्करोग निघाला. त्याने कुठे काही केलं का? मलाही होईल का?

हा प्रश्न बहुतेकदा दारात, निघता निघता, हळू आवाजात विचारला जातो. उत्तर मी बसवून देते.

एचपीव्ही अतिशय सर्वसामान्य आहे. शारीरिक संबंध असलेल्या बहुतेक माणसांना तो कधी तरी होतो आणि साधारण एक-दोन वर्षांत बहुतेकांच्या शरीरातून निघून जातो. थोड्यांत तो टिकतो आणि संसर्गापासून कर्करोगापर्यंत दशकं जातात. त्यामुळे तो कुणाकडून आणि कधी आला हे कुठलीही तपासणी सांगू शकत नाही. हा रिपोर्ट चारित्र्याचा दाखला नाही आणि त्यावरून संसारात संशय शिरू देऊ नका. इतकी वर्षं सोबत असताना तुमचाही संपर्क आधीच झालेला असणार, म्हणून आता वेगळं राहण्याची किंवा जवळीक टाळण्याची गरज नसते. एका ताटात जेवल्याने हा पसरत नाही. तुम्ही गर्भाशयमुखाची नेहमीची तपासणी वेळेवर करत राहा.

लस झालेला कर्करोग बरा करत नाही. ती संसर्गाच्या आधी, लहान वयात घ्यायची असते, मुलींनी आणि मुलांनीही.

बायोप्सी सहा महिन्यांपूर्वीची आहे, त्यात पी१६ केलेलंच नाही. पुन्हा तुकडा काढावा लागेल?

सहसा नाही. तुमचा तुकडा मेणाच्या छोट्या ठोकळ्यात, ज्याला आम्ही ब्लॉक म्हणतो, जपून ठेवलेला असतो. कित्येक वर्षांनीही त्यातून नवा काप घेऊन पी१६ करता येतं. जिथे बायोप्सी तपासली तिथे अर्ज करून ब्लॉक मागा. नुसत्या रंगवलेल्या काचपट्ट्या मिळाल्या तर त्या सहसा पुरत नाहीत. ब्लॉक हातात आला की त्याच्या कडेला लिहिलेला नंबर रिपोर्टवरच्या नंबराशी जुळवून पाहा, उन्हात किंवा गाडीच्या तापलेल्या कप्प्यात ठेवू नका, आणि काम झाल्यावर तो परत मागून घ्या. पुढे कधी एखादी नवी तपासणी करायची वेळ आली, तर तोच लागेल.